गिअरबॉक्सचा पूर्ण कोर्स

"तुम्ही निघणार आहात की नाही ते आज सांगा," काकू म्हणाल्या. "संध्याकाळी ताईला उत्तर द्यायचंय. त्यांच्या सहलीच्या बसमध्ये एकच सीट उरलीय."

केमिस्टकाकांनी हातातला कप मोटरहोमच्या पायरीवर ठेवला. औषधांचं दुकान विकून त्यांनी ही गाडी घेतली, त्याला आता बरेच महिने झाले होते. आत दोन बिछाने, ओटा, बेसिन, भिंतीतली कपाटं, सगळं होतं. फक्त गाडीने अजून फाटक ओलांडलं नव्हतं. दुकान चालू होतं तोवर काका एक दिवससुद्धा बाहेर पडले नव्हते आणि समुद्र दाखवण्याचं वचन काकूंना लग्न झाल्यापासून मिळत आलं होतं. गाडी आल्यावर आधी पडदे आखूड निघाले, मग टायरमधली हवा संशयास्पद वाटली, मग पाण्याच्या टाकीला वास येऊ लागला. दर वेळी काकू भरलेले कपडे निमूटपणे परत घरातल्या कपाटात लावत होत्या. आज मात्र त्यांचा आवाज निमूट नव्हता.

"आणि गाडीचं काय करायचं?" काकांनी विचारलं.

"भावोजी घ्यायला तयार आहेत. कुत्र्यांचे केस कापायचं फिरतं दुकान काढायचं म्हणतात."

आपल्या साडूने या बिछान्यावर ओला कुत्रा उभा केलाय, हे चित्र काकांना सहन होईना. "निघायचंच आहे गं," ते घाईघाईने म्हणाले. "फक्त गिअरचं ऑइल बदललं की निघालोच. ऑटोमॅटिक गिअर आहे. आधीच्या मालकाने कधी बदललंय देव जाणे. घाटात दगा दिला तर?"

"मग गॅरेजवाल्या मिस्त्रींकडे द्या."

"ते चार दिवस ठेवून घेतील. मी स्वतः करतो. दुपारपर्यंत होतंय."

खरी गोष्ट अशी होती की काका घाबरत होते. आजवर त्यांनी स्कूटर चालवली होती आणि एक छोटी कार. ही गाडी विकणाऱ्यानेच आणून इथे लावली होती. तिच्या स्टिअरिंगमागे बसलं की गाडीचा मागचा भाग शेजारच्या आळीत असल्यासारखा वाटे. हे बायकोला सांगण्यापेक्षा गिअरबॉक्स उघडणं त्यांना सोपं वाटलं.

स्पेअर पार्ट्सच्या दुकानात त्यांनी ऑइल मोजायच्या पट्टीवर कोरलेलं नाव वाचून दाखवलं. दुकानदाराने मान हलवली. "ते बंद झालं काका. आता हे येतं. कंटेंट तेच आहे."

काका दचकले. हे वाक्य त्यांनी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूने अख्खी हयात म्हटलं होतं. ते म्हणताना माणसाचा चेहरा कसा होतो हेही त्यांना आतून ठाऊक होतं, आणि दुकानदाराचा चेहरा अगदी तसाच झाला होता.

"तेच म्हणजे किती टक्के तेच?"

"काका, सगळे हेच नेतात."

"सगळ्यांना एकच दुखणं असतं का?" काकांनी चष्मा वर सरकवला आणि बाटलीवरचा बारीक मजकूर वाचायला घेतला. "एक्स्पायरी कुठे लिहिलीय?"

"ऑइल आहे हो ते, इंजेक्शन नाही."

दुकानदाराने आणखी दोन बाटल्या पुढे ठेवल्या. एक महाग होती, दुसरीवर 'सर्व गाड्यांसाठी' असं ठळक छापलं होतं. ती काकांनी बोटाच्या टोकाने बाजूला सारली. सर्व दुखण्यांवर चालणारी औषधं त्यांनी फार विकली होती. शेवटी पहिल्याच बाटलीच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्यांना जुनं नाव सापडलं आणि जीव भांड्यात पडला. गाडीच्या पुस्तकात बारा लिटर लिहिलं होतं. काकांनी बारा लिटर घेतलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या माणसाने मोठा सुस्कारा सोडला.

घरी येऊन ते सतरंजी अंथरून गाडीखाली सरपटले. वर काकूंनी कपबशा लावायला घेतल्या होत्या आणि त्यांच्या प्रत्येक पावलाला गाडी काकांच्या नाकावर थोडी खाली येत होती.

"अगं, जरा एका जागी उभी राहा."

"एका जागी उभं राहून स्वयंपाकघर लागत नाही," फरशीतून उत्तर आलं. "आणि माझा नवा टब कुठे गेला?"

काकूंचा नवा टब काकांच्या छातीवर होता. भांडी घासायला आणलेला, फिकट निळा, एकदाही न वापरलेला. काकांची समजूत अशी की तळाचा एक बोल्ट काढला की ऑइल सलाइनसारखं शिस्तीत उतरेल. पण या गाडीला तसा बोल्टच नव्हता. ऑइल काढायचं तर गिअरबॉक्सचा अख्खा तळ खोलावा लागत होता. काकांनी एकेक बोल्ट सैल केला आणि तळ आधी एका बाजूने वाकला, मग सगळ्याच बाजूंनी. बरंचसं तपकिरी ऑइल टबात गेलं. उरलेलं काकांच्या बाहीतून काखेपर्यंत पोचलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. उतरतंय."

नवा फिल्टर बसवून, तळ पुसून, बोल्ट परत आवळून काका बाहेर आले आणि दुकानातल्या सवयीने त्यांनी टबातलं ऑइल मापून पाहिलं. बाहीतलंसुद्धा अंदाजाने धरलं. सहा लिटरसुद्धा भरेना.

काका सुन्न झाले. पुस्तक म्हणतं बारा, निघालं निम्मं. गळलं म्हणावं तर खाली कुठे डाग नव्हता. म्हणजे आधीच्या मालकाने या बिचारीला वर्षानुवर्षं अर्ध्या डोसवर ठेवलं होतं! बरं वाटलं की गोळ्या बंद करणाऱ्या पेशंटांशी काका जन्मभर भांडले होते. दुकानात पाटीच होती, 'कोर्स पूर्ण करा'. त्यांना त्या मालकाचा असा राग आला की त्या रागात भीतीचाही विसर पडला.

त्यांनी पट्टी बसते त्या नळीला फनेल लावलं आणि एकेक बाटली रिकामी करत सुटले. नवं ऑइल लालभडक होतं, खोकल्याच्या औषधासारखं. शेवटची बाटली तर त्यांनी उलटी धरून थेंबन्‌थेंब गळू दिली.

"बघ आता कशी तरतरीत होते," म्हणत त्यांनी गाडी चालू केली.

थोडा वेळ ती खरंच तरतरीत वाटली. मग खालून गुळगुळ असा आवाज आला, आणि हवा जायच्या नळीतून लाल फेस बाहेर येऊ लागला. तो तापलेल्या सायलेन्सरवर पडला तसा निळा धूर निघाला. काकू हातात दोन कप घेऊन पायरीवर आल्या. त्यांनी धूर पाहिला, जमिनीवरचं लाल तळं पाहिलं, त्याच्या कडेला असलेला आपला टब पाहिला.

"गाडी बंद करा," त्या शांतपणे म्हणाल्या.

काकांचे हात कोपरापर्यंत माखले होते, म्हणून मिस्त्रींना फोन काकूंनीच लावला.

"स्पीकर लाव."

"स्पीकर कधीचा बिघडलाय. मी सांगते ना." काकूंनी सगळी हकीकत सांगितली, बाहीसकट. मग ऐकून घेतलं. "ते म्हणतायत, तळ खोलला तरी निम्मं ऑइल आतच अडकून राहतं. जेवढं निघालं तेवढंच भरायचं असतं."

"पुस्तकात बारा लिहिलंय."

"ते रिकाम्या गिअरबॉक्सचं, म्हणतायत. आणि आधी विचारायला काय झालं होतं, म्हणतायत."

"हे ते म्हणाले?"

"नाही, हे मी म्हणाले."

जास्तीचं ऑइल काढणं भाग होतं. तळ परत खोलायची काकांची छाती होईना. त्यांनी घरातून मोठी सिरिंज आणि सलाइनची नळी आणली, नळी पट्टीच्या भोकात सोडली आणि ऑइल ओढायला बसले. सिरिंज भर, बाटलीत सोड, परत भर. दुकान विकल्यापासून इतकं मन लावून त्यांनी काही केलं नव्हतं. फेस होऊन गेलेलं वजा करून त्यांनी हिशेब चोख जमवला आणि पाठ धरून उभे राहिले. ऊन उतरायला लागलं होतं. 'दुपारपर्यंत' केव्हाच होऊन गेलं होतं.

"विचार आता, बरोबर झालं हे कळायचं कसं?"

काकूंनी पुन्हा फोन लावला. या वेळी त्या जरा जास्तच वेळ ऐकत राहिल्या. "ऑइल गरम असताना मोजायचं, म्हणतायत. गाडी चालवून आणायची."

"किती?"

"घाटाच्या पायथ्यापर्यंत."

"घाट? अगं, तो किती लांब आहे."

"नवीन ऑइल तापायला वेळ लागतो म्हणे."

काकांनी फाटकाकडे पाहिलं. पण एवढं सगळं करून मोजायचंच नाही, हे त्यांच्यातल्या केमिस्टला पटेना. ते हात धुऊन स्टिअरिंगवर बसले. काकू घरात जाऊन आल्या.

"कुलूप कशाला लावलंस? लगेच तर येतोय."

"सवय," काकू म्हणाल्या.

फाटकातून निघताना काकांनी श्वास रोखला तो चौक ओलांडल्यावर सोडला. एका रिक्षावाल्याने त्यांना हाताने नमस्कार केला, पण तो आदराचा नव्हता. "डावीकडे भरपूर जागा आहे," काकू सांगत होत्या, "अजून आहे, आता नाही." हळूहळू घरं विरळ झाली. गिअर आपापले पडत होते, लोण्यातून सुरी जावी तसे. काका आरशात बघायचं विसरून समोर बघू लागले आणि एका वळणावर चक्क गुणगुणले.

ताईचा फोन आला तेव्हा काकू म्हणाल्या, "ती सीट देऊन टाक कुणाला तरी. आणि भावोजींना सांग, कुत्र्यांचं दुसरीकडे बघा."

घाटाच्या पायथ्याशी रस्त्याच्या कडेला थोडी सपाट जागा होती. काकांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवून पट्टी काढली, पुसली, परत बुडवून काढली. लाल रेघ दोन खुणांच्या बरोबर मध्ये होती. त्यांनी ती काकूंना दाखवली.

तेवढ्यात मिस्त्रींचा फोन आला. काकांचे हात आता स्वच्छ होते, त्यांनीच घेतला.

"काय काका, झालं का? कॉलनीला दोन-चार चकरा मारून मोजलंत ना, मी सांगितलं तसं?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या ओट्यावर दोन ताटल्या मांडत होत्या.

"हो," काका फोनमध्ये म्हणाले. "चक्कर जरा मोठी झाली." त्यांनी फोन ठेवला. "ते कॉलनी म्हणाले होते?"

"तुम्ही घाबरत होता," काकू म्हणाल्या. "पडद्यांपासून मला माहीत होतं. म्हटलं, एकदा फाटकाबाहेर पडले की सुटतील."

काकांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्ता अरुंद होता. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला चर.

"घाबरतोय तर अजूनही," ते हळूच म्हणाले. "इथून परत जायचं तर गाडी मागे घेऊन वळवावी लागेल. आणि एवढी मोठी गाडी मला मागे घेता येत नाही."

"मग?"

"मग काय," काका म्हणाले आणि स्टिअरिंगवर जाऊन बसले. "समुद्राकडून परतायला दुसरा रस्ता आहे का, तेवढं बघून ठेव."