हुशार पालक

यादव सरांचा इंदिरानगरातला इंग्रजीचा क्लास निम्मा रिकामा झाला होता. कारण, समोरच्याच इमारतीत सायली मॅडमनी नवा क्लास काढला होता. उरलेली पोरंही तिकडे गेली तर सरांना कुलूपच लावावं लागणार होतं. सर वर्षानुवर्षं टॅग क्वेश्चन, म्हणजे वाक्याला जोडायचं 'हो ना?'चं शेपूट, शिकवत होते, पण पोरं प्रत्येक वाक्याला 'इझन्ट इट'च चिकटवायची. मॅडम ते एका तासात शिकवतात, हे ऐकल्यापासून सरांना जेवण गोड लागेना.

"असं काय सोनं लागलंय तिला?"

"मग जाऊन बघा की एकदा!" बायको वैतागली. "रविवारी फुकट डेमो आहे. पालकांनाही बोलावलंय."

कुणी ओळखू नये म्हणून सर तोंडाला गाडीवरचा रुमाल घट्ट बांधून पालकांत जाऊन बसले. "सर्दी," त्यांनी शेजारच्या किराणा दुकानदाराला, सोमनाथला, सांगून टाकलं.

मॅडम खरंच छान शिकवत होत्या. सरांचा नुसता जळफळाट झाला. मग मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'शी कान्ट स्विम', आणि पालकांना विचारलं, "पुढे काय?"

"इझन्ट इट!" सोमनाथ ओरडला.

सरांनी दात आवळले. पण मागूनही दोघांनी तेच म्हटल्यावर त्यांच्यातला मास्तर ताडकन उभा राहिला. "कॅन शी! आधी नकार असेल तर शेपूट होकाराचं! एवढं साधं आहे!"

टाळ्या पडल्या. "वा काका! हे आजचे आपले हुशार पालक!" मॅडम म्हणाल्या. लगेच शाल आली, नारळ आला.

"काका, फोटोपुरता रुमाल काढा ना."

"सर्दी, सर्दी," सर पुटपुटत राहिले. तोवर सोमनाथने मागून मायेने गाठ सोडलीसुद्धा.

मंगळवारी नेमका सरांच्या क्लाससमोर फ्लेक्स लागला. त्यावर शाल, नारळ आणि सर. खाली मोठ्या अक्षरांत, 'आमच्याकडे पालकही शिकतात!'

सर मान खाली घालून वर्गात शिरले. पोरं हसू दाबत होती. पहिल्या बाकावरची आशा उठली.

"सर, यू वेन्ट देअर, डिडन्ट यू?"

सर थबकले. त्यांच्या वर्गात पहिल्यांदाच कुणी बरोबर शेपूट लावलं होतं. लाज, राग सगळं विसरून त्यांचा ऊर भरून आला.

"शाब्बास! शेवटी माझं शिकवणं कामी आलं की नाही?"

आशाने मैत्रिणीकडे पाहिलं.

"सर, डेमोला आम्हीपण होतो," ती हळूच म्हणाली. "तोंड बांधूनच आलो होतो."