सिद्धोधनच्या कानाची जाहिरात

आपली गोष्ट आपल्या पोटातच राहते, असं सिद्धोधन छातीठोकपणे सांगायचा. सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये तो वजनकाट्यावर बाबू होता. यंत्रांच्या धडधडीत वीस वर्षं काढल्यावर त्याला कमी ऐकू यायला लागलं होतं. मालकाला कळलं तर काट्यावरून हलवतील, म्हणून त्याने हे बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. समोरच्याच्या ओठांकडे बघून तो बरोबर वेळ मारून न्यायचा.

एका सकाळी त्याच्या मोबाइलवर जाहिरात आली. ‘कमी ऐकू येतं? कुणाला दिसणारही नाही असं कानाचं मशीन!’ संध्याकाळपर्यंत तर मोबाइल उघडला की कानच कान.

सिद्धोधनने मोबाइल खिशात लपवला. आपण तर काहीच शोधलं नाही, मग कंपनीला सांगितलं कुणी?

पहिला संशय शेजारच्या टेबलावरच्या नागेशवर. त्याला कोपऱ्यात घेऊन तो म्हणाला, “खरं सांग, मला कमी ऐकू येतं हे तू कुणाला सांगितलंस?”

“मलाच आत्ता कळायलंय,” नागेश म्हणाला.

मग गेटवरचा दत्ता. मग चहावाल्या चतुराबाई. प्रत्येकाला त्याने शपथ घालून विचारलं. प्रत्येकाने शपथेवर सांगितलं, की हे आपण पहिल्यांदाच ऐकतोय.

तिसऱ्या दिवशी मालक व्यंकटरावांनी त्याला आणि नागेशला बोलावलं. व्यंकटरावांच्या मिशा ओठांवर उतरलेल्या. सिद्धोधनला काही कळेना, तेव्हा तो अदबीने “हो साहेब” म्हणाला. काटा सोडून गोदामात जायला आपण राजी झालो, हे त्याला बाहेर आल्यावर नागेशने सांगितलं.

घरी आल्यावर त्याने मोबाइल कॉलेजात शिकणाऱ्या शुभदापुढे आदळला.

“पप्पा, कुणी चुगली केली न्हाई,” ती मोठ्याने म्हणाली. “आपलं वायफाय एकच हाय. घरात एकानं काही शोधलं, की त्याची जाहिरात दुसऱ्याच्या फोनवर बी येते. थांबा, बंद करून देते.”

“पण आपल्या घरात शोधलं कुणी?”

बायको सुकेशनी पोळ्या टाकून बाहेर आली. “मी. चार दिवसांपासून शोधायलेय.”

“अगं, मग आधी मला विचारायचं तरी!”

“विचारलं की, दिवाळीतच. कानाला मशीन घेऊ का म्हणलं, तर तुमी म्हणालात, नको, आत्ताच चहा पिऊन आलो.”