नकाशातली रिकामी जागा

जनूभाऊ कुणाच्या दारात आले की नमस्काराच्या आधी एक हात आभाळाकडे करून उभे राहत. हातात पिवळं जीपीएस यंत्र असे. नवख्याला वाटे, गृहस्थ आशीर्वाद देताहेत. एकदा हळदीच्या मांडवात नवरदेव खरंच त्यांच्या पाया पडायला वाकला, तर हे खेकसले, "हलू नको रं, उपग्रह पकडतंय!"

मी अंजूरच्या शाळेत मास्तर म्हणून आलो तेव्हापासूनचे हे माझे शेजारी. जवळच्या नारपोलीत त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि तिथे बसून ते गावाचा नकाशा काढत. खाली यंत्रमाग, वर हे. माग सुरू असले की टेबल थरथरे, त्यावरचा माऊस थरथरे, आणि स्क्रीनवर काढलेला रस्ता नागमोडी निघे. म्हणून सरळ रस्ते शुक्रवारी, माग बंद असताना. बाकीचे दिवस खाडीचा काठ. "खाडी काय, वाकडीच हाय," म्हणत.

नकाशे इंटरनेटवर चढवायची त्यांची सॉफ्टवेअरं जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेली होती. कुणीही घ्यावीत, आतून उघडून बदलावीत. एका गोदामवाल्याने विचारलं, "फुकटचं आहे, म्हणजे खोट असणारच ना?" जनूभाऊंनी त्याला भर रिक्षा स्टँडवर सुनावलं, "फुकट कोन बोलला? सगल्यांचा हाय. गावदेवीचा देऊल असतो ना, तसा!"

नकाशात रस्त्यांचा एक थर, घरांचा एक, पाण्याचा एक. त्यांना ते लेयर म्हणत आणि हा शब्द कुठेही लावत. नळावर दोघी भांडत असल्या की मध्ये पडून सांगत, "तुमची लेयर वेगली, यांची वेगली. एकावर एक ठेवू नका." मग दोघी मिळून यांनाच शिव्या देत.

पण नकाशा मात्र असा केला की बघत राहावं. अंजूर उघडलं की आधी सगळी गोदामं दिसत, पत्र्याच्या छपरांची. गोदामांच्या लेयरपुढची खूण पुसली की गोदामं गायब, आणि खाली जुनी भातशेतं, प्रत्येकावर त्याचं नाव. वडाखालची, खारवट, मावशीचा तुकडा. म्हातारी माणसं रिक्षा करून क्लासला येत आणि म्हणत, "जनू, जरा ती गोदामा काढ." हे ऐटीत काढून दाखवत. आपलं शेत दिसलं की म्हातारी स्क्रीनवरच्या बांधावरून बोट फिरवत बसत. मलाही तेव्हा गलबलून येई, खोटं कशाला सांगू?

त्या सगळ्यात एकच जागा पांढरी होती. ती जनूभाऊंच्या वडिलांची, लांबोडी नावाची. धाकट्या भावाने, सुदामने, ती गोदामासाठी द्यायचा हट्ट धरला. जनूभाऊंनी रागाने सही केली आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. सुदाम त्याच गोदामाच्या ऑफिसात बसे. मी एकदा विचारलं, "ही राहिली का?"

"वर पत्रा हाय. जीपीएस चालत न्हाय तिथं."

बाकीच्या शेतांवरही पत्रेच होते. पण त्यांचा चेहरा बघून मी विषय वाढवला नाही.

मग एका सकाळी सुदाम गेला. ऑफिसात बसल्या बसल्या छातीत कळ आली, तेवढंच. जनूभाऊ मला घेऊन भावाच्या घरी गेले. कितीतरी वर्षांनी तो उंबरा ओलांडत होते. सुदामची बायको पदर सावरत म्हणाली, "भावजी, ते ऑफिसात रोज तुमचा नकाशा उघडायचे. आपली जागा बघायचे नि बोलायचे, दादाने मना गावातून काढून टाकला."

 बाहेर आल्यावर जनूभाऊंनी माझा दंड घट्ट धरला.

"मास्तर, ती मी मुद्दाम कोरी ठेवली व्हती. तापट व्हता तो. मना वाटला, आपली लांबोडी दिसली न्हाय तं तणतणत येल, माझी गचांडी धरंल. भांडायला तरी येल ना! रोज बघत व्हता नि आला न्हाय."

त्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही क्लासला गेलो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी नकाशा उघडला. यंत्र खिशातच राहिलं. बांधाचा एक कोपरा, दुसरा, पाटाकडचं वळण, भेंडीच्या झाडापाशी किंचित आत. हात कुठेही अडला नाही. नाव लिहिलं, लांबोडी. मालकाच्या रकान्यात दोघा भावांची नावं, सुदामचं आधी. चहावाल्या पोराने आणून ठेवलेला चहा अजून वाफाळत होता.

जनूभाऊंनी माऊसवरचा हात काढला आणि स्क्रीनकडे बघत म्हणाले,

"एवढाच काम व्हता, मास्तर."