केरूनानांची उचलबांगडी

केरूनानांनी ठरवलं, पारूच्या लग्नाचं सगळं सामान एकाच पेटीत भरायचं. टू-इन-वन, मिक्सर, ब्लँकेटं, जपानी साड्या, सगळं. चार बोचकी सांभाळत कोण बसणार? पण ती पत्र्याची पेटी होती सौदीतल्या जुबैलच्या कॅम्पात वरच्या मजल्यावर, आणि विमानतळाला जाणारी कंपनीची बस खाली हॉर्न मारत होती. बस चुकली की विमान गेलं, आणि विमान गेलं की परवाचं कन्यादान बापाशिवाय! (पाइप फिटिंगमध्ये नाना एक नंबर. बाकी ठिकाणी डोकं ते जपूनच वापरत.)

मदतीला खोलीतले दोघे होते. एक श्रीवर्धनचे वेल्डर हुसेनमियाँ, दुसरा फिलिपिन्सच्या डोंगरातला, मनोबो लोकांपैकी, बेनितो.

"बेनितो, कॅरी!" नाना गरजले.

"हाऊ कॅरी, नाना?"

"हाऊ म्हणजे? कॅरी म्हणजे कॅरी!"

बेनितोने आधी खांद्याला हात लावला, मग डोक्याला, मग काखेला. दर वेळी तोंडातून नवा शब्द.

"त्यांच्यात वाहून न्यायच्या एकेका तऱ्हेला वेगळा शब्द आहे, नाना," हुसेनमियाँ म्हणाले. "तुमचं एवढंसं कॅरी त्याला पुरत नाही. कसं न्यायचं ते सांगा."

"लग्न माझ्या पोरीचं, आणि मी याची शिकवणी घेऊ? सरका बाजूला!"

(आपल्याकडेही पोर कडेवर घेतात, भारा डोक्यावर आणि कावड खांद्यावर. पण त्या वेळी हे नानांना सांगणार कोण?)

नानांनी पेटी एकट्यानेच उचलली. म्हणजे पेटी जागची हलली नाही. नानांच्या कमरेत मात्र अशी उसण भरली की ते वाकले ते वाकलेच. सरळ होता येईना, बसता येईना.

"मेलो, हुसेनमियाँ! पारूला सांगा की तिचा बाप..."

"पारूला काय ते तुम्हीच सांगा. बेनितो, अरे बघ ना!"

आता बेनितोने काही विचारलं नाही. पलंगावरची चादर ओढली, नानांच्या खालून घेतली, टोकं पिळून बांधली, तो पट्टा स्वतःच्या कपाळावर अडकवला आणि उठला. त्याच्या गावी रताळ्यांची टोपली अशीच डोंगर उतरते. कपाळावर पट्टा, पाठीवर नाना! अख्खा कॅम्प जिन्याशी गोळा झाला.

"अरे खाली ठेव! लोक हसतायत!"

"नो टॉक, नाना. टॉक हेवी."

नानांना सीटवर टेकवून तो परत वर गेला आणि पेटीही तशीच घेऊन आला. ड्रायव्हर उस्मान "यल्ला, यल्ला" ओरडत होता. नानांनी खिडकीतून बेनितोचा हात घट्ट धरला. जन्मात कुणाला थँक्यू म्हटलं नव्हतं, आताही जमलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी आलं. बेनितोला तेवढं कळलं.

लग्न वेळेवर लागलं. बाप मांडवात हजर होता, पण अजून तसाच वाकलेला. वरपक्षाच्या बारक्या पोरांपुढेसुद्धा त्यांची मान खालीच.

व्याही गहिवरले. "सौदीला राहिलेला माणूस, पण गर्व म्हणून नाही! केवढी ही नम्रता!"

"नम्रता कसली, डोंबलाची? माझ्या कमरे..." नाना सुरू झाले.

नानांच्या बायकोने, शेवंताबाईंनी, त्यांना चिमटा काढला. "गप राहा हो! एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणी तुम्हाला चांगलं म्हणतंय. वऱ्हाड गावाबाहेर पडायच्या आत सरळ झालात, तर माझ्याशी गाठ आहे!"