दाजींची गाडी बाजारातून जाते

आमच्या बाजारात रस्त्यात उभं राहून मोबाइलवर बोलायची सोय नाही. दाजी लगेच दुकानातून ओरडतात, "ए, बाजूक हो! रुळार उभो आसस!"

आता मालवणात रूळ नाहीत, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आगगाडी येते ती कुडाळला. तिथून पुढे मालवणात यायचं तर एसटी नाही तर रिक्षा, आणि धामापूरची वळणं. पण दाजींच्या मते ही रेल्वेवाल्यांची तात्पुरती चूक आहे. मुंबईची गाडी कुडाळाहून आत वळणार, आमच्या बाजारात येणार, दाजींच्या दुकानापुढे उभी राहणार, आणि मग तिला मुंबईला जायचं असेल तर खुशाल जाऊ दे.

माझं मेडिकल बरोबर समोर. त्यामुळे मनात नसताना मी कित्येक वर्षं फलाटावर बसून आहे.

दाजींचं दुकान खाजाचं. बाहेरून येणाऱ्यांना सांगतो, खाजा म्हणजे बेसनाच्या जाड शेवेला गूळ आणि आलं. दाजींच्या खाजात आलं इतकं की गिऱ्हाईक हाशहुश करत परत येतं. "दाजी, जरा आला कमी घाला हो." दाजी म्हणतात, "नको तर शेजारी घे. तेच्यात आला घालूकच विसारलेसत." असा माणूस धंदा कसा करतो देव जाणे. पण करतो.

मला सगळा बाजार डॉक्टर म्हणतो. मी फक्त गोळ्या विकतो, पण लोकांचं प्रेम. तर कुणी पिशवी घेऊन स्टँडकडे निघालेला दिसला की दाजी हटकतात.

"खंय चललंस?"

"कुडाळ टेसनार."

"कशाक? टेसन हंयच येतला."

"गाडी आज आसा, दाजी."

"मगे जा. उलटी करीत जा."

हे उलटीचं त्यांचं ठरलेलं. मी आपला त्याला दाजींचा फटकळपणा समजत होतो.

एकदा मी जरा चिडवायचं म्हणून विचारलं, वाटेत स्टेशनं कुठली? आणि फसलो. दाजींनी गल्ल्यावरून उठून, डोळे मिटून, आरती म्हणावी तशी म्हटली. कुंभारमाठ, चौके, धामापूर, नेरूरपार, नेरूर, कुडाळ. आणि नुसती नावं नाहीत. कुंभारमाठचं स्टेशन आतेबहिणीच्या परसात, चौक्याचं एका मित्राच्या काजूच्या बागेत, धामापूरला तळ्याच्या अलीकडे साडूच्या पडवीसमोर.

"अहो, काजूच्या बागेत कोण चढणार गाडीत?"

"चढतलो कोण? उतारतलो. घटकाभर बसतलो, पाणी पितलो, मगे चढतलो."

"एवढी जवळ जवळ स्टेशनं! गाडीने वेग धरायचा कधी?"

"वेग काय चाटूचो आसा? तुका काय कळता, डाक्टरा!"

मी आपला रस्ता ओलांडून माझ्या दुकानात परत आलो.

मध्यंतरी रस्ता रुंद करणारे साहेब तीन पायांवरची दुर्बीण घेऊन बाजार मोजायला आले. दुकानदारांचे चेहरे उतरले, कुणाची पायरी जाणार, कुणाची ओटी. दाजी मात्र पाव्हणे आल्यासारखे पुढे झाले. साहेबाच्या हातावर खाजा ठेवला आणि म्हणाले, "साहेब, माझं अख्खं दुकान पाडा. हरकत नाही." साहेबाने नोकरीत पहिल्यांदा असं ऐकलं असावं. "फक्त ही पायरी ठेवा. गाडीला टेकून येते. बाईमाणसाला चढायला बरं." साहेबांसमोर दाजी शुद्ध बोलतात. साहेबाने खाजा तोंडात टाकला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मोजणी त्या दिवसापुरती थांबली. पाणी आलं ते खाजातल्या आल्यामुळे, पण दाजींनी ते स्वतःच्या खात्यावर धरलं.

देवळातल्या गाऱ्हाण्याचा तर वैतागच. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात. गावकार मोठ्याने देवाला साकडं घालतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणून दुजोरा देतात. दुजोरा मिळाला नाही तर गाऱ्हाणं अर्धंच राहिलं असं समजतात. गावकाराचं पीकपाणी, रोगराई, मुलाबाळांचं मागून झालं की गर्दीतून दाजींचा आवाज यायचाच: "आणि बा देवा म्हाराजा, ती गाडी बाजारात येवंदे रे म्हाराजा!" लोक हसत हसत ओरडायचे, "व्हय म्हाराजा!" मी तेवढा गप्प. देवाची चेष्टा मला आवडत नाही, आणि दाजींची तर त्याहून नाही, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे मला त्या रेल्वेचा कंटाळा आला होता.

दाजींची बायको सुलभावहिनी. मूळच्या नेरूरच्या, शेतकरी घरच्या. शेण, लाकडं, पाण्याची घागर, कशाला नाही म्हणणार नाहीत. पण कुठे जात नसत. लग्नाला नाहीत, बारशाला नाहीत. बाजाराने आपापसात ठरवून टाकलं होतं की बाई माणूसघाणी आहे.

गेल्या मार्गशीर्षात त्यांच्या मुलीचा, मनूचा, डोंबिवलीहून फोन आला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण डॉक्टरांनी तिला जागचं हलू नको म्हणून सांगितलं होतं. सासू नाही, घरात बाईमाणूस नाही. "आई, तू ये," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

दाजी माझ्याकडे आले. गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबले.

"गाडी लागता तेची गोळी दी."

ही गोळी ते अधूनमधून न्यायचे, पाव्हण्यांसाठी म्हणून. "कोण पाव्हणे आले?" मी विचारलं.

"पाव्हणो नाय रे. तुझी वहिनी." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाक सांगा नको. तिका लाज वाटता."

सुलभावहिनींना मोटार सोसत नाही. थोडंथोडकं नाही. बाजार सोडल्यावर लगेच लागणारं भरड संपायच्या आत पिशवी लागते, आणि पुढे दोन दिवस अंथरूण. वर्षावर्षाने ते वाढतच गेलं. आवळा झाला, लिंबू झालं, पेपरवर बसून झालं, ड्रायव्हरशेजारी बसून झालं. एकदा भरल्या एसटीत लोक नाक धरून ओरडले, तेव्हापासून त्या बसल्या नाहीत. आगगाडीत मात्र काही होत नाही. एकदा नेरूरहून चालत कुडाळला जाऊन मडगावपर्यंत गेल्या होत्या, तर खिडकीत बसून भजी खाल्ली. दाजी त्या भज्यांबद्दल असे बोलत होते, की जणू काल खाल्ली.

"म्हणून रेल्वे?" मी म्हटलं.

"मगे काय बाजाराच्या इकासाक?" दाजी चिडले. "हसतत तर हसांदेत. माका हसतत मा? तिका नाय ना?"

मी गोळी दिली. पैसे नको म्हटलं तर त्यावरून वेगळे चिडले. गोळीचा उपयोग झाला नाहीच. रिक्षा भरडावरून परत आली.

त्या रात्री त्यांच्या घरात काय झालं ते दाजींनीच मला सांगितलं. वहिनींनी तोंड धुतलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, "तुमची रेल्वे येयसर माझा नातू शाळेत जायत. मी कुडाळाक चलत जातंय."

पहाटे मी दुकानापुढे ब्रश तोंडात घेऊन उभा होतो. समोरची दोघं बाहेर पडली. वहिनींच्या पायात कॅनव्हासचे बूट, दाजींच्या पाठीवर पिशवी आणि हातात खाजाचा पुडा.

"रुळार उभो आसस, डाक्टरा," दाजी म्हणाले. मी बाजूला झालो. "पयलो थांबो कुंभारमाठ. आतेबहिणीन चाय ठेवलीहा. मगे चौक्याक बागेत जेवण. राती धामापूर, साडूकडे. सगळ्यांका फोन झालो."

ती स्टेशनं कशाला तिथे होती ते मला तेव्हा कळलं. गाडी आली नाही तर, म्हणून माणसाने आधीच सगळा बंदोबस्त करून ठेवला होता. त्यांच्या त्या काजूच्या बागेला मी किती हसलो होतो!

दाजींनी आपल्या पायरीवर नारळ ठेवला, हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझा लेकरू चलत चेडवाकडे जाता. तिच्या पायाक खडो लागू नको, तिका चेडवाच्या उशाशी पोचव रे म्हाराजा!"

आणि थांबले. बाजार बंद. दुजोरा द्यायला मी एकटा, आणि माझ्या तोंडात फेस. मी नुसती मान हलवली. दाजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, वहिनींना म्हणाले, "चल गो," आणि दोघं भरडाच्या दिशेने गेली.

अशी गोष्ट लपत नाही. दुपारपर्यंत बाजारभर झाली. मग जो तो माझ्या काउंटरला टेकून विचारू लागला, "डॉक्टर, गाडी खंय पोचली?" मी दाजींना फोन लावून सांगायचो: चौक्याला जेवतायत. धामापूरला झोपले. वहिनींच्या पायाला फोड आलाय, थोडा उशीर होईल. कुणी हसत नव्हतं. मच्छीवालीसुद्धा टोपली खाली ठेवून विचारून गेली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला. मागे भोंगा, भजीवाल्याची आरोळी.

"गाडी इली रे," दाजी म्हणाले. "खिडकी गावली तिका." "ठेवतंय."

"थांबा," मी म्हटलं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. मी उठून उभा राहिलो आणि तीन दिवसांचं राहिलेलं मोठ्याने म्हटलं, "व्हय म्हाराजा!"