बिघडलेल्यालाही नंबर

युसूफभाई गाण्याचं नाव घेत नाहीत. "आज सकाळी चारशे बाहत्तर लावली, दुसरी बाजू," असं ते सांगतात, आणि समोरच्यानं समजून मान डोलवावी अशी त्यांची अपेक्षा असते. गाणारा कोण म्हणून विचारलं तर चिडतात. "नंबर सांगितला ना? आता काय जन्मदाखला पाहिजे?"

जळगावात त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी येतात, हे नवी तांब्याची तार गुंडाळून देतात. मागच्या फळीवर तबकड्या उभ्या. सगळ्या ब्लूज रॉक. म्हणजे गिटार रडते, ढोल तिला दटावतो आणि गाणारा दोघांची तक्रार सांगतो. ही व्याख्या माझी आहे, पटली नाही तर सोडून द्या. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून बदलून गेलेल्या एका साहेबानं खोकंभर तबकड्या भंगारात टाकल्या, त्या युसूफभाईंनी तरुणपणी उचलल्या. इंग्रजी वाचता येत नव्हतं, आकडे येत होते. मोटारीच्या पट्टीवरचा नंबर बघून आतली तार सांगणाऱ्याला तबकडीचा नंबर काय जड?

तबकडीला नंबर दोन असतात. एक कव्हरवर छापलेला. दुसरा तबकडीवरच, गाणं संपल्यावर मधल्या कागदी चकतीपर्यंत जी कोरी पट्टी राहते, तिथं सुईनं खरडलेला. तो वाचायला युसूफभाई डोळ्याला भिंग लावतात आणि श्वास रोखतात. "छापील नंबर खोटं बोलेल एखादवेळी. खरडलेला नाही बोलत."

आमची ओळख झाली ती आमच्या संघटनेच्या सभेच्या आदल्या दिवशी अ‍ॅम्प्लिफायर जळाला म्हणून. मी सवयीनं त्यांच्या हातात आमचं पत्रक दिलं. फुटपाथ गिळणाऱ्यांविरुद्ध होतं, मीच लिहिलेलं, चांगलं जळजळीत. त्यांनी दोन्ही बाजूंनी उलटून पाहिलं.

"नेताजी, याच्यावर नंबर कुठंय?"

"पत्रकाला कसला नंबर?"

"मग उद्या साहेब म्हणेल, असं पत्रक निघालंच नाही. तू काय करशील? ओरडशील?"

मला संताप आला. ज्या माणसाला मजकूर दिसत नाही, आकडाच दिसतो, त्याच्याशी काय बोलायचं? पण महिन्याभरात आम्ही महापालिकेत वाजतगाजत निवेदन दिलं, घोषणांच्या भरात आवक क्रमांक घ्यायला विसरलो, आणि पुढच्या आठवड्यात टेबलामागचा माणूस शांतपणे म्हणाला, "असं निवेदन आलेलंच नाही." मी ओरडलो. दुकानात गेलो तर युसूफभाईंनी मान वर न करता विचारलं, "ओरडलास?" तेव्हापासून मी आधी नंबर घेतो, मग घोषणा देतो.

त्यांच्याकडं एकच वस्तू बिननंबरी होती. एक कॅसेट. युसूफभाई धुळ्याला खोली घेऊन राहत होते तेव्हाचा दोस्त वसंता, लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवायचा. त्यानं पाणी न येणाऱ्या नळावर अहिराणीत एक ब्लूज रचला आणि युसूफभाईंच्या खोलीत टेपरेकॉर्डरवर तो भरला; तिसऱ्या खेपेला जमला. वसंता आता नाही. त्यानं कुणाला तरी दिलेली कॉपी फिरत फिरत इंटरनेटवर चढली. युसूफभाईंनी मोबाइल माझ्यापुढं धरला. खाली लिहिलं होतं: गायक अज्ञात.

माझं डोकं सणकलं. ज्याची बायको दोंडाईचाला राहते, तो अज्ञात? कसा?

उपाय होता. प्रत्येक रेकॉर्डिंगला बारा अक्षरी कोड मिळतो. त्यात देश, देणारा, वर्ष आणि अनुक्रमांक. तो एकदा बसला की गाणाऱ्याचं नाव कुणाला पुसता येत नाही, असं सांगतात. जळगावातला एक स्टुडिओ कोड द्यायला तयार झाला. वारसाची सही हवी होती. मी बसल्या जागी फॉर्म भरला.

"एकच ओळ? तीन पाहिजेत," युसूफभाई म्हणाले.

"गाणं एकच आहे, भाई."

"रेकॉर्डिंग तीन आहेत. प्रत्येकाला वेगळा नंबर. हा नियम तूच वाचून दाखवलास."

"दोन बिघडलीत!"

"माझ्याकडं बिघडलेल्याच मोटारी येतात. नंबर नसतो का त्यांना?"

मेलेल्या माणसाच्या चुका जगाला कशाला ऐकवायच्या, यावर आम्ही थेट दोंडाईचापर्यंत गाडीत भांडलो.

वसंताची बायको शांताअक्का दारातच बसली होती. तिनं फॉर्म हातात घेतला. "हाऊ नंबर कसाले?"

मी हक्क, अन्याय, ओळख यांवर पाच मिनिटं बोललो. तिनं ऐकून घेतलं आणि युसूफभाईंना विचारलं, "तेना आवाज शे का यामा?"

त्यांनी पिशवीतून टेपरेकॉर्डर काढला. पहिलं लावलं, बिघडलेलं. गिटार सुरू झाली, दोन ओळी झाल्या आणि थांबली. मग वसंताचा तरुण आवाज, युसूफभाईंच्या श्वासावर वैतागलेला: "युसफ्या, कितला जोरमा दम लेस रे! बैल शे का तू?" आणि हसणं. दोघांचं, बराच वेळ. दुसऱ्या खेपेला वसंतानं पहिली ओळ धरली आणि त्यालाच हसू फुटलं. तिसरं गाणं स्वच्छ. गिटार आणि वसंता, दुसरा कसलाच आवाज नाही.

अक्कानं पदर तोंडाशी नेला. "पहिलं परत लाव, भाऊ."

युसूफभाईंनी कॅसेट मागं फिरवली. फिरणाऱ्या चाकांकडं बघत मला म्हणाले, "तिसऱ्यात मी नाही रे. श्वास धरून बसलो होतो."

मी फॉर्मवर आणखी दोन ओळी आखल्या. अक्कानं तिन्हींपुढं सही केली.

कोड आले, ओळीनं तीन. त्यांच्या आधारावर मी 'अज्ञात'ची तक्रार ठोकली, आणि आता तिथं वसंताचं नाव आहे. युसूफभाईंनी तिन्ही कोड कॅसेटच्या अंगावर सुईनं खरडले. परवा गेलो तर मोटार उघडून बसले होते, हात काळे. मला म्हणाले, "नेताजी, जरा टेप लाव."

"कुठला नंबर?"

तिन्ही नंबर तोंडपाठ असलेल्या माणसानं काळे हात फडक्याला पुसले.

"वसंता हसतो ते लाव."