घाटातला सरकारी दगड

आमच्या विकास गटाच्या कचेरीत एक जीप होती आणि तिला ब्रेक होते. ही स्थिती बासष्ट सालापर्यंतची.

त्या साली पावसाळा सरताच ड्रायव्हर लोटन साहेबांसमोर येऊन उभा राहिला. मोलगीच्या आठवडी बाजाराला साहेबांचा दौरा असे, आणि मोलगी म्हणजे घाट आलाच.

"साहेब, पायडल पार खाले जाई ऱ्हायनं," तो म्हणाला. "ब्रेकनं तेल जुनं व्हई गयं. समदं काढीसन नवं टाकनं पडी. नहीतर एक दिन घाटमा तुमी बी नही आनि मी बी नही."

यातला 'तुमी' साहेबांना फार लागला. त्यांनी हेडक्लार्क बन्सीलालभाऊंना बोलावले.

भांडाराचा नियम भाऊंना तोंडपाठ होता: जुनी वस्तू जमा केल्याखेरीज नवी मिळणार नाही. झाडूला हाच नियम, कंदिलाच्या काचेला हाच, मग तेलाने काय घोडे मारले? लोटनने जीपखाली शिरून एकेका चाकाकडचा पेच सैल केला, भाऊंनी धोतर सावरून पायडल दाबले, आणि काढ्यासारखे काळे तेल बरणीत उतरले. बरणी लाखेने बंद होऊन जिल्ह्याच्या भांडाराकडे रवाना झाली. आता जीपमध्ये जुने तेल नव्हते आणि नवेही नव्हते, पण सगळे नियमात बसत होते.

भांडाराने कळवले की तेल जुने दिसते खरे, तरी ते जुने असल्याचा दाखला जोडावा.

इकडे मोलगीचा दौरा मंजूर होऊन बसलेला. दौरा रद्द करायच्या कारणांत आजारपण होते, पूर होता. ब्रेक तिथेही नव्हता.

लोटनची पाचावर धारण बसली. घरी येऊन त्याने सगळे सांगितले. बायको भिकुबाई म्हणाली, "आपली बैलगाडीले कोठे तेलना ब्रेक व्हता? उतारमा चाकखाले दगडच लावतस ना? मन्हा भाऊ दोधू रिकामाच शे, लावी तो दगड."

"तात्पुरती व्यवस्था म्हणून हरकत नसावी," लोटनने ही तोड कानावर घातल्यावर साहेब म्हणाले.

अशी दोधूची नेमणूक झाली. जीप उताराला लागली की तो दगड घेऊन बाजूने चाले, आणि वळण आले की मागच्या चाकाखाली सारी. जीप दोधूच्या चालीने चाले. मोलगीला पोचेपर्यंत बाजार उठलेला असे. त्यामुळे साहेबांकडे कुणाचीही तक्रार येईनाशी झाली आणि जनता समाधानी असल्याचा शेरा वरून मिळाला. साहजिकच जागा कायम झाली. पदनाम ठरले 'गतिरोधक सहायक'. दोधूला खाकी सदरा मिळाला, आणि ज्याला कुणी दारात उभे करत नव्हते त्याला मुली सांगून येऊ लागल्या.

दोन वर्षांनी नव्या तेलाचा डबा आला. साहेब हर्षभरित झाले.

"लोटन, आजच भरून घे."

लोटनने डबा उचलून फळीवर ठेवला. "घाई कसानी, साहेब? नवं तेल शे. जराखं मुरू द्या."

"तेल मुरतं? आणि घाट?"

"घाटले दोधू शे ना!"

दोधूचे लग्न वैशाखात ठरले होते. ब्रेक लागला की पद गेले, पद गेले की नवरी गेली. लोटनला घाटाची भीती होतीच, पण घाट आठवड्यातून एकदा भेटायचा, भिकुबाई रोज. बन्सीलालभाऊंनीही मान डोलावली. कायम झालेल्या जागेपुढे तेल ते काय? तेल तर संपून जाते.

डबा अजून तसाच आहे. दसऱ्याला त्याला जीपच्या टपावर ठेवून हळदकुंकू वाहतात.

मी ही हकिगत सांगितली की लोक कपाळाला हात लावतात. "काय हा कारभार!" म्हणून पोट धरून हसतात. मग चहा संपला की मला हळूच बाजूला घेतात आणि विचारतात, चाके तर चार, दगड एकालाच. बाकीच्या तीन जागा भरल्या का हो?

तुम्हीही तेच विचारणार होतात ना? नाही भरल्या. एक मी भाच्यासाठी धरून ठेवली आहे. उरलेल्या दोन जागांचे काय ते लवकर सांगा.